लोंबी-लोंबी कापणं म्हणजे वेळ घालवणं?

भातखाचर: "सेनेगलच्या कासामान्समध्ये भातकापणीला हातभार लावायला जाणाऱ्यांनी विळे न्यावेत, तिथल्या बायका सुरीनं एकेक लोंबी कापत वेळ घालवतात." विळेवाला, तुमची ही पोस्ट वाचून गप्प बसवेना. तिथल्या जोला जमातीच्या बायका लोंबीखाली लांब काडी ठेवून कापतात, मूठ भरली की जुडी बांधतात. खाचरातल्या लोंब्या एकदम पिकत नाहीत. विळा मारलात की हिरव्याही येतात आणि कांडताना त्यांचं पीठ होतं. बियाणंही कापतानाच निवडलं जातं. आफ्रिकेचं मूळ भात, ग्लाबेरिमा, पिकलं की झडतं. विळ्याच्या हिसक्यानं दाणे चिखलात जातात.

विळेवाला: ग्लाबेरिमा आता उरलंय किती? बहुतेक खाचरांत आशियाई जाती आहेत, त्या एवढ्या झडत नाहीत. तरुण पोरं राजधानीत, डाकारला गेलेली, कापायला माणूस नाही. भात उभं राहिलं की पाखरं खातात. शिवाय रात्री दव, दुपारी ऊन, त्यानं दाणा तडकतो. मग कांडल्यावर कणीच.

उखळ: सेनेगलमध्ये कणीच तर आवडीनं खातात! फ्रेंचांनी इंडोचायनातून आणून ती सवय लावली. चेबू जेन, म्हणजे तिथला मासे-भात, कणीचाच होतो.

विळेवाला: ती गिरणीत चाळून वेगळी काढलेली कणी. उखळातली बारीक कणी पाखडताना कोंड्याबरोबर जाते. खाणाऱ्याला आवडते म्हणून शेतकऱ्यानं दाणा तडकू द्यायचा? खरं नुकसान वाळवणीत होतं. कापताना ओलावा २० ते २५ टक्के, तो १४ वर आणायचा, तोही सावकाश. तापल्या डांबरावर पसरलं की दाणा फुटतो आणि वर खडे येतात. ताडपत्री, दोन-तीन बोटं जाड थर, सारखं परतणं, भर दुपारी झाकणं.

उखळ: जुड्या माळ्यावर रचल्या की सावकाशच वाळतात. लागेल तेवढंच काढून कांडायचं.

भातखाचर: आणि पेंढा? कोकणात बुडातून कापतो, कारण पेंढा घरी न्यायचा असतो. तिथं कापणीनंतर गुरं खाचरात मोकळी सुटतात, उभी ताटं खातात, शेण तिथंच पडतं. सगळं कापून नेलं तर जमिनीला काय उरलं?

विळेवाला: बरं, लोंबीसकट साठवायचं असेल तर सुरीच बरोबर, हे मान्य. पण बडवून किंवा यंत्रानं मळायचं असेल तर हातात धरायला ताट लागतं, तिथं विळाच. हे मागे घेणार नाही.

भातखाचर: मग पोस्ट दुरुस्त करा. जाणाऱ्यानं आधी घरातल्या बाईला विचारावं, जुड्या बांधायच्या की मळायचं. सुरीचा हात बसला नसेल तर भाताच्या पाट्या बांधापर्यंत वाहाव्यात.