मदत हवी आहे: आजवरचा सर्वोत्तम रनिंग बॅक कोण? (गुरुवारच्या आत)

मेघना_के (मंगळवार, रात्री ९:४०)
नमस्कार मंडळी. लेकीला परवा वर्गात अमेरिकन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम रनिंग बॅकवर (म्हणजे चेंडू घेऊन पळणारा खेळाडू, एवढंच कळलंय) बोलायचंय. आम्हाला इथे येऊन दीडच वर्ष झालं. घरात हा खेळ कुणालाच धड कळत नाही आणि नवरा कामासाठी बाहेरगावी आहे. नेटवर बघितलं तर दर यादीत पहिलं नाव निराळं. मला नाव आणि तीन-चार भक्कम मुद्दे हवेत, आकड्यांसह. नियम समजावत बसू नका, तेवढा वेळ नाहीये. पोरगी रडवेली होऊन बसली आहे.

चौथा_डाऊन
जिम ब्राऊन. क्लीव्हलंड ब्राऊन्स, १९५७ ते १९६५. नऊ हंगाम खेळला, त्यातल्या आठांत लीगमध्ये सर्वाधिक रशिंग यार्ड (चेंडू घेऊन पळून कापलेलं अंतर) त्याचेच. ११८ सामने, १२,३१२ यार्ड, म्हणजे सामन्यामागे १०४.३. अख्ख्या कारकिर्दीची सरासरी शंभराच्या वर ठेवणारा एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, तो एकटाच. नऊ वर्षांत एकही सामना चुकवला नाही आणि तिशीत, ऐन भरात असताना निवृत्त झाला. लेकीला एवढं पाठ करू द्या, पुरेसं आहे.

खारीबिस्किट
मेघनाताई, थोडी माहिती द्या. इयत्ता कितवी? किती मिनिटं? नुसतं भाषण आहे की समोर कुणी विरोधात बोलणार आहे? नाव तिनं निवडायचंय की शाळेनं दिलंय?

मेघना_के
नववी. चार मिनिटं. समोर एक मुलगी आहे. बाकी वर लिहिलंच आहे, सर्वोत्तम कोण तेवढं सांगा प्लीज.

लेकशोर
तुम्ही कुठल्या शहरात आहात?

मेघना_के
शिकागोजवळ. त्याचा काय संबंध?

लेकशोर
संबंध आहे ताई. शिकागोत या प्रश्नाचं उत्तर वॉल्टर पेटन हेच आहे. शिकागो बेअर्स संघाकडून १३ हंगाम, १९७५ ते १९८७, आणि एवढ्या काळात सामना चुकला फक्त एक. १६,७२६ यार्ड. २० नोव्हेंबर १९७७ ला अंगात फ्लू असताना मिनेसोटाविरुद्ध २७५ यार्ड पळाला, तो एका सामन्यातला तेव्हाचा विक्रम होता. नुसता पळायचा नाही, क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणाऱ्याला) वाचवायला समोरच्याला अंगावर घ्यायचा, झेल घ्यायचा (४९२), आणि स्वतः चेंडू फेकून ८ टचडाऊनही (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) करून दिले. हंगाम नसताना आर्लिंग्टन हाइट्समधल्या एका टेकडीवर धावून तयारी करायचा. ती टेकडी आज बागेत आहे, लेकीला शनिवारी घेऊन जा. मी माझ्या दोन्ही मुलांना तिथे नेलंय. पायथ्याशी सोपी वाटते, निम्म्यावर पोटऱ्या भरून येतात.
१९९९ मध्ये यकृताच्या आजारानं गेला, अवघ्या ४५ व्या वर्षी. इथले जुने लोक अजून त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

चौथा_डाऊन
पेटन महान, वादच नाही. पण ब्राऊनचा एकूण रशिंग यार्डांचा विक्रम मोडायला त्याला दहावा हंगाम लागला (ऑक्टोबर १९८४). ब्राऊनच्या पहिल्या चार वर्षांत हंगाम १२ सामन्यांचा होता, नंतर १४ चा. पेटनला १९७८ पासून १६ मिळाले. नुसत्या बेरजा मांडल्या की जुन्या माणसावर अन्याय होतो.

चढाईपटू
मी शाळेत कबड्डी खेळलो, चढाईला जायचो, म्हणून माझं मत बॅरी सँडर्सला. डेट्रॉइट लायन्स, १९८९ ते १९९८. उंची जेमतेम ५ फूट ८ इंच. बाकीचे पळतात, हा हुलकावण्या देतो. पाच जण पकडीला आले की एका पायावर थांबून दिशा बदलतो आणि पकडणारे एकमेकांवर आदळतात. दहा हंगाम, दहाही हंगामांत हजाराच्या वर. १९९७ मध्ये २,०५३ यार्ड आणि त्यात सलग १४ सामने शंभराच्या पुढे. दर कॅरीमागे (चेंडू घेऊन एकदा पळण्यामागे) ५ यार्ड. पेटनच्या विक्रमाला १,४५७ यार्ड कमी असताना आपल्या गावच्या, विचिटाच्या, वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्त झाला. आणखी एक हंगाम खेळला असता तर विक्रम त्याचाच होता, तरी थांबला. मेघनाताई, आकडे राहू द्या, मुलीला त्याच्या दहा मिनिटांच्या क्लिप दाखवा. तिचं तीच बोलेल.

लेकशोर
हुलकावणी देताना कितीदा मागे पकडला गेला तेही सांगा. १९९४ च्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) ग्रीन बेविरुद्ध १३ कॅरी, एकूण उणे १ यार्ड.

चढाईपटू
एका सामन्यावरून माणूस मोजता? त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत त्या संघानं प्लेऑफचा एकच सामना जिंकला. त्याच्यापुढे रस्ता मोकळा करणारं कोण होतं?

डॉ_मनीषा
माफ करा, पण पालक म्हणून सांगते. या खेळात डोक्याला वारंवार बसणारे धक्के ही गंभीर गोष्ट आहे. मुलांना लहान वयात टॅकल (अंगावर जाऊन पाडण्याच्या) फुटबॉलला घालू नका, निदान शाळेच्या ट्रेनरशी बोलल्याशिवाय नको. माझ्या भाच्याला दोनदा कन्कशन झालं, दुसऱ्या वेळी तीन आठवडे उजेड सहन होत नव्हता.

मेघना_के
डॉक्टर, मुलगी खेळत नाहीये. बोलणार आहे फक्त.

निळा_ध्वज
खेळणार असेल तर मात्र फ्लॅग फुटबॉल बघा, त्यात टॅकल नसतं. इलिनॉयमध्ये मुलींसाठी तो आता शाळांचा अधिकृत खेळ आहे आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्येही आहे. माझी मुलगी दोन वर्षं खेळतेय. शूज कुठले घ्यायचे ते विचारा, सांगते.

काका_मालाड
आम्ही क्रिकेटवाले. मला वाटतं हे ब्रॅडमन आणि तेंडुलकर यांच्यासारखं आहे. ब्रॅडमनची सरासरी ९९.९४, सचिनच्या कसोटीत १५,९२१ धावा. एकाची उंची बघायची, दुसऱ्याची लांबी. आणि दोघांच्या मध्ये गावसकर, हेल्मेटशिवाय वेस्ट इंडिजचे तोफखाने झेललेला. त्याला कुणी मोजतच नाही याचं वाईट वाटतं. १९८७ मध्ये अहमदाबादला दहा हजारावी धाव घेतली तेव्हा मी रेडिओला कान लावून होतो.

चौथा_डाऊन
काका, तुम्ही नेमकं बोललात. ब्राऊन म्हणजे ब्रॅडमन.

खारीबिस्किट
गावसकरांसाठी वेगळा धागा काढू, काका, मी नक्की लिहीन. मेघनाताई, पुन्हा विचारते. तिच्या कागदावर नेमकं काय लिहिलंय? शब्दशः टाका.

मेघना_के (रात्री ११:१५)
कागद आत्ता तिच्या बॅगेतून काढला. त्यावर लिहिलंय की हिनं एमिट स्मिथच्या बाजूनं बोलायचं आणि समोरची मुलगी पेटनच्या. चिठ्ठ्या टाकल्या होत्या म्हणे. दोघींना एकमेकींना एक-एक प्रश्नही विचारायचाय. मला वाटलं होतं की सर्वोत्तम कोण ते आधी कळलं पाहिजे, मग तेच मांडता येईल. सॉरी, हे आधी लिहायला हवं होतं. पण स्मिथचं नाव तर कुणी घेतलंच नाही! म्हणजे हिची बाजू पडकी आहे का?

खारीबिस्किट
मुळीच नाही. विक्रम आज त्याच्याच नावावर आहे. १८,३५५ रशिंग यार्ड आणि १६४ रशिंग टचडाऊन, दोन्ही एनएफएलमध्ये सर्वाधिक. २७ ऑक्टोबर २००२ ला त्यानं पेटनला मागे टाकलं आणि त्यानंतर कुणी त्याच्या जवळपासही पोचलेलं नाही. सलग ११ हंगाम हजारावर. डॅलस काउबॉईजबरोबर चार हंगामांत तीन सुपर बोल (लीगचा अंतिम सामना). प्लेऑफमधले १,५८६ रशिंग यार्ड आणि १९ रशिंग टचडाऊन, हेही विक्रमच.

लेकशोर
आणि हे सगळं डॅलसच्या त्या ऑफेन्सिव्ह लाईनच्या (पुढे उभं राहून रस्ता मोकळा करणाऱ्यांच्या) मागून. लाईनमधला लॅरी ॲलन, शिवाय क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन आणि झेल घेणारा मायकल अर्विन, तिघंही हॉल ऑफ फेममध्ये. त्या भिंतीमागून मीही दोन यार्ड पळालो असतो, असं इथला कुठलाही बेअर्सवाला सांगेल. दर कॅरीमागची सरासरी बघा, स्मिथ ४.२, पेटन ४.४. समोरची मुलगी पहिला प्रश्न हाच टाकणार.

जर्सी_९१
हा प्रश्न येणार म्हणूनच उत्तर १९९३ मध्ये आहे. कराराच्या वादात स्मिथ पहिले दोन सामने खेळला नाही. लाईन तीच, एकमन तोच, अर्विन तोच. डॅलस दोन्ही सामने हरलं, वॉशिंग्टनकडून १६–३५ आणि बफेलोकडून १०–१३. तो परतला आणि संघ १२ विजय, ४ पराभवांवर थांबला. पहिले दोन सामने हरून सुपर बोल जिंकणारा हा पहिला संघ. दोन सामने न खेळूनसुद्धा त्या वर्षी सर्वाधिक रशिंग यार्ड त्याचेच होते, हंगामाचा एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) तोच, सुपर बोलचा एमव्हीपीही तोच. भिंत एवढी भारी होती तर ते दोन सामने का हरले, एवढंच तिनं विचारायचं.

दुसरं, २ जानेवारी १९९४, न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध. हा सामना मी विसरू शकत नाही. आम्ही तेव्हा न्यू जर्सीत नवे होतो आणि ऑफिसमधल्या जायंट्सच्या चाहत्यांनी सामना बघायला घरी बोलावलं होतं. जो जिंकेल तो विभागात पहिला. पूर्वार्धाच्या शेवटी स्मिथ ४६ यार्ड पळाला आणि खांद्यावर आपटला. खांदा निखळला होता. आम्हाला वाटलं, संपलं. तो उत्तरार्धात परत आला. दर वेळी जमिनीवरून उठताना एक हात अंगाशी धरून उठायचा, आणि दोन मिनिटांत पुन्हा चेंडू त्याच्याच हातात. ३२ कॅरी, १६८ यार्ड, वर १० झेल. ओव्हरटाईममध्ये डॅलस १६–१३ नं जिंकलं. खोलीत सगळे जायंट्सवाले होते, शेवटी शेवटी तेही गप्प बसून त्याच्याकडेच बघत होते. मी त्या दिवशी या खेळाला लागलो.

लेकशोर
तो सामना मोठा, मान्य आहे. पण स्मिथनं १५ हंगाम घेतले, पेटननं १३.

खारीबिस्किट
शेवटचे दोन ॲरिझोनातले सोडून द्या. डॅलसमधले १३ हंगाम धरले तरी १७,१६२ होतात. तेरास तेरा, तरी पेटनच्या पुढे.

लेकशोर
सामने मोजा. त्या १३ हंगामांत स्मिथ २०१ सामने खेळला, पेटन १९०. पेटनचे पहिले तीन हंगाम १४ सामन्यांचे, आणि १९८२ च्या संपामुळे त्या वर्षी झाले फक्त ९. सामन्यामागे पेटन ८८, स्मिथ ८५. शिवाय पेटनच्या संघात कित्येक वर्षं धड क्वार्टरबॅक नव्हता. समोरच्या सगळ्यांना माहीत असायचं की चेंडू कुणाकडे जाणार.

खारीबिस्किट
मेघनाताई, हा मुद्दा खरा आहे. लेकीला सांगा की नाकारायला जायचं नाही. ‘तेरा हंगामांत सामन्यामागे पेटन जवळपास तीन यार्डांनी पुढे आहे’ हे आपणच आधी म्हणायचं आणि लगेच १९९३ वर यायचं. आपल्या तोंडून आलं की समोरच्या मुलीकडे टोचायला उरत नाही. मी कॉलेजात वादविवाद करायचे, हे दरवेळी उपयोगी पडलं. आणि चार मिनिटांत चारपेक्षा जास्त आकडे नकोत, ऐकणाऱ्याला पेलत नाहीत.

चढाईपटू
आणि प्रश्न विचारायची वेळ आली की एवढंच विचारायचं, १९८५ च्या हंगामानंतरचा सुपर बोल बेअर्सनी ४६–१० नं जिंकला, त्यात पेटनचे टचडाऊन किती? उत्तर शून्य.

लेकशोर
हे नका करू. कृपा करून नका करू. तो सगळा सामना न्यू इंग्लंडचे खेळाडू पेटनवरच लक्ष ठेवून होते, म्हणून दुसऱ्यांना जागा मिळाली. त्याला एक टचडाऊन मिळायला हवं होतं ही खंत इथल्या लोकांच्या मनात आजही आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरात त्याची जर्सी असेल. तिथे बोट ठेवलंत तर वर्ग तिच्यापासून तुटेल.

चढाईपटू
बरोबर. मागे घेतो.

मेघना_के (बुधवार, सकाळी ७:०५)
रात्री दोघी एक वाजेपर्यंत बसलो. तिनं सुरुवात खांद्याच्या सामन्यानं केली आहे, मग दोन हरलेले सामने, मग तीन यार्डांची कबुली, शेवटी १८,३५५. सरासरीबद्दल तिनं ‘सर्वांत जास्त’ असं लिहिलं होतं, ते वरचं वाचून खोडलं. लेकशोर, तुमचा मुद्दा तिला इतका पटला की रात्री म्हणाली, ‘आई, चिठ्ठी उलटी निघाली असती तर बरं झालं असतं.’ तिला नाश्ता भरवता भरवता हे लिहितेय, चुका असतील.

काका_मालाड
शाब्बास. ‘मागे टाकलं’ म्हणताना आवाज चढवू नकोस म्हणावं, सावकाश बोल.

मेघना_के (गुरुवार, दुपारी ४:३०)
झालं. हात वर करून मतं घेतली, पेटन १५, स्मिथ ११. शिकागोत ११ मिळाली! समोरच्या मुलीनं लाईनचाच प्रश्न विचारला आणि हिनं १९९३ सांगितल्यावर ती क्षणभर थांबली. बाईंनी कबुलीचा भाग आवडल्याचं वहीत लिहिलंय. सगळ्यांचे मनापासून आभार. जर्सी_९१, तिला आता तो जायंट्सचा सामना बघायचाय. कुठून सुरू करू?

जर्सी_९१
पूर्वार्धाची शेवटची पाच मिनिटं पकडा. ते ४६ यार्ड तिथेच आहेत. मग थांबवू नका, ओव्हरटाईमपर्यंत जाऊ द्या, आणि तिला सांगा की चेंडू कुठे जातो ते सोडून त्याचा उजवा हात बघ.