गोव्याच्या चोरिसांची माळ : निवड, शिजवणे आणि साठवण

प्रश्न
म्हापशाच्या बाजारातून चोरिसांची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या मसालेदार वाळवलेल्या सॉसेजची, माळ घेऊन पुण्याला परतायचे आहे. तेथे बारीक मण्यांच्या आणि बोटभर लांबीच्या, काही ओलसर तर काही कडक वाळलेल्या माळा शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. चांगली माळ कशी ओळखावी, ती घरी कशी ठेवावी आणि इटालियन सलामीप्रमाणे पातळ काप करून तशीच खाता येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर
शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : चोरीस कच्चे खाऊ नये. सलामी हे इटालियन सॉसेज नियंत्रित तापमानात आणि आर्द्रतेत आंबवून कित्येक आठवडे वाळवलेले असते. चोरिसासाठी डुकराचे मांस आणि चरबी यांचे तुकडे मीठ, माडीचे व्हिनेगर, काश्मिरी मिरची, लसूण आणि गरम मसाल्यात मुरवून आतड्यात भरतात व उन्हात आणि धुरावर वाळवतात. त्यामुळे मांस टिकते, परंतु ते कच्चेच राहते.

शिजवताना वरचे आवरण काढावे, आतले तुकडे थोड्या पाण्यात झाकण ठेवून मंद आचेवर मऊ होऊ द्यावेत आणि सुटलेल्या लाल तेलातच भरपूर कांदा व बटाटा घालावा. ते तेल टाकून देणे म्हणजे मसाल्याचा अर्कच टाकून देणे होय. मीठ चाखल्याशिवाय मुळीच घालू नये. सोबत ताजी पोई, म्हणजे गोव्याचा कोंडा लावलेला पाव, असावी. साध्या पावापेक्षा तिचा कोंड्याचा खरखरीतपणा या आंबट-तिखट रश्शाला अधिक शोभतो, असे माझे ठाम मत आहे.

दुसरे उत्तर
मण्यांच्या आकारावरून दर्जा ठरत नाही. माळ हातात घेऊन दाबून पाहावी : ती घट्ट लागली पाहिजे, आवरण कोरडे आणि अखंड असावे, वास व्हिनेगरचा व धुराचा यावा. बुळबुळीत स्पर्श किंवा कुबट वास असल्यास घेऊ नये. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीची, खरेदी मे महिन्यात होते आणि तेव्हा कडक उन्हात वाळलेला माल मिळतो. ऐन पावसात घेताना अधिक पारख करावी.

तिसरे उत्तर
प्रवासात माळ प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, कारण तिला घाम सुटतो, कागदात गुंडाळावी. घरी आल्यावर लवकर लागणारी माळ फ्रिजमध्ये आणि उरलेली एकेका वेळेपुरते भाग करून फ्रीझरमध्ये ठेवावी. हिरवी किंवा काळी बुरशी दिसली, तर पुसून वापरण्याचा मोह टाळून ती माळ फेकून द्यावी.