मिरगाचा किडा रोहिणीतच निघाला! वहीत नेमकं काय लिहायचं?

परड्यातला (जांबोटीकडचा):
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं आमचं घर. पुण्यातली नोकरी सोडून २०२२ ला परत आलो. तेव्हापासून डेअरीच्या हिशोबाच्या जुन्या वहीत, उरलेल्या कोऱ्या पानांवर, परड्यात काय काय दिसतं ते लिहितोय. कशासाठी ते विचारू नका, आईनं विचारून झालंय.

घोळ असा झालाय. लहानपणी मिरगाचा किडा मिरगातच निघायचा. लाल मखमलीचं बटण पाय फुटून चालायला लागल्यासारखा. काडेपेटीत घालून शाळेत न्यायचो, तास बुडायचा. आता वही काय सांगते बघा. २०२३ ला मान्सून केरळातच ८ जूनला पोचला, आमच्याकडं मिरग कोरडा गेला, किडा दिसला २७ जूनला, आर्द्रात. गेल्या वर्षी, २०२५ ला, मान्सून केरळात २४ मेलाच हजर. किडा न्हाणीच्या मागं दिसला २९ मेला, रोहिणी लागून चारच दिवस झालेले. दोन सालांत महिन्याचा फरक!

त्यातच भाताची धूळवाफ पेरणी, पावसाआधी कोरड्यात करतात ती, हुकली. पेरायची कुरी चालायला माती कोरडी, भुसभुशीत पाहिजे, आणि आमच्या रानात पाय घोट्यापर्यंत रुतायचा. शेवटी तरवा (रोपं) टाकून लावण केली, मजुरीनं कंबर मोडली. वर शेजारचे काका ऐकवून गेले, "पावश्या मार्चपासून पेरते व्हा, पेरते व्हा म्हणून बोंबलतोय, तुला ऐकू येत नाही होय?" आता पावश्या दर वर्षी मार्चपासूनच बोंबलतो. त्याच्या भरवशावर पेरलं तर एप्रिलात बी भाजून निघेल.

तर सांगा, नक्षत्रं बिघडली की किडा? आणि वहीत काय लिहू म्हणजे पुढं उपयोग होईल? सध्या सगळंच लिहितोय: काजवे, पळस, करवंदं, आईचे गुडघे.

रिटायर मास्तर, बेळगाव:
नक्षत्रं बिघडत नाहीत हो. सूर्य आकाशात कुठल्या ताऱ्यांच्या घरात आहे, एवढंच ते. मृग दर साल ७-८ जूनलाच लागणार. ऋतूच्या मानानं ते सरकतं, पण साधारण ७२ वर्षांत एक दिवस. म्हणजे तुमच्या आजोबांचा मिरग आणि तुमचा मिरग यांत फार तर दिवसाचा फरक. सरकला तो पाऊस.

आणि तो किडा म्हणजे कीटकच नव्हे. कोळ्याच्या नात्यातला. यंदा दिसला की पाय मोजा, आठ भरतील. वर्षभर जमिनीत दडून असतो, माती भिजली की वर येतो. त्याला पंचांग कळत नाही, ओल कळते. काजवे, बहावा, पावश्या यांचं गणित वेगळं, पहिल्या सरीची वाट न बघता ते आपापल्या वेळी सुरू होतात. म्हणून माझं म्हणणं, वहीच्या पानाला मधोमध रेघ मारा. पाण्याला उठणारे एका बाजूला, पाण्याआधी उठणारे दुसऱ्या बाजूला.

अजून एक करून बघा. आपल्या बेळगावच्या अक्षांशावर ३ मेच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. साडेबाराच्या आत-बाहेर अंगणात काठी सरळ उभी करा, सावली पायातच राहते. ऑगस्टच्या दहा तारखेच्या आसपास पुन्हा तसंच होतं, पण तेव्हा तुमच्याकडं सूर्य कोण बघतोय! ही एक नोंद कुठल्याही साली हलणार नाही, बाकीच्या तिच्याशी ताडून बघता येतील.

अथणीची आक्का:
जिल्हा एकच म्हणायचा, पण तुमच्या घाटातल्या कणकुंबीला जुलैत पडतो त्याच्या चतकोर आम्हाला वर्षात पडला तरी आम्ही पेढे वाटू. आमच्याकडं मिरगापेक्षा हस्ताची वाट जास्त. काळ्या रानात ती ओल मुरली की शाळूचं निम्मं काम झालं, पुढं थंडी आणि दहिवर बघून घेतात.

पण नुसतं आपल्या दारातलं आभाळ लिहून भागत नाही बघा. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या नदीकाठच्या मळ्यावर धड पाऊस नव्हता, आणि कृष्णा गोठ्याच्या दाव्यापर्यंत आली. पाऊस पडलेला तिकडं वर, घाटमाथ्यावर. त्या रात्री म्हशी सोडून माळावर नेल्या तेव्हा चांदणं होतं. म्हणून आमच्या वहीत नदीचं पाणी घाटाच्या कितव्या पायरीला, हेही असतं.

खानापूरची सून:
दादा, सगळं लिहू नका, महिन्याभरात कंटाळाल. माझं झालंय. एक झाड धरा. मी चुलीच्या खिडकीतनं दिसणारा रायवळ आंबा धरलाय. पहिला मोहर कधी, धुकं किती दिवस पडलं, पहिली कैरी कधी. धुकं धरलं की मोहर काळा पडतो, त्या साली लोणच्याला कैऱ्या विकत आणायची पाळी, आणि सासूबाईंचा मूड मे महिन्यापर्यंत तसाच.

आणि जे दिसलं नाही तेही लिहा. "आज बघितलं, काजवे नाहीत" असं. नाहीतर चार वर्षांनी कळतच नाही, काजवे नव्हते की तुम्ही झोपला होता.

रताळ्याचे वेल कधी लावता तेही टाका की. ते कुणीच लिहीत नाही.

परड्यातला (जांबोटीकडचा):
आभारी आहे सगळ्यांचा. रेघ मारली. मागची पानं चाळली तर खानापूरच्या ताई म्हणतात तेच, २०२४ चे काजवे कोरे. दिसले नव्हते की मी बघितलं नव्हतं, काही आठवत नाही.

मास्तर, आज ३ मे. सरळ काठी मिळेना म्हणून आईचं मुसळ घेतलं आणि अंगणात सारवलेल्या जागी उभं धरलं. बारा-वीसला सावली बोटभर, मुसळाच्या पश्चिमेला. नंतर आत सरकत गेली. साडेबाराला खालच्या लोखंडी वसवीभोवती (कड्याभोवती) नुसती काळी कड राहिली, तीही मुसळ जरा कललं म्हणून असावी. हात भरून आला होता.

आई सोप्यातनं बघत होती. ग्रहणात परातीत मुसळ उभं करतात ते तिच्या डोक्यात. म्हणाली, "उन्हात काय करूलैस? आज गिराण हाय काय?"

समजावून सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग वाळवणाला आजचाच दिवस बरा हुता, सकाळीच सांगायचं न्हाईस."

वहीत डाव्या बाजूला तेही लिहिलंय. ऑगस्टात ढग फाटलेच तर इथंच येऊन कळवतो.