बोटीच्या केबिनचं आतलं काम, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, घरीच बांधत असलेल्या प्लायवूड-इपॉक्सी (इपॉक्सी म्हणजे वाळून कडक होणारी चिकट राळ) बोटीचं हल (बाहेरचं कवच) आणि डेक झालंय, आता केबिनचं आतलं काम काढलंय. दोन बंक (झोपायचे बाक), छोटा ओटा आणि बंकखाली लॉकर असा बेत आहे. हलमध्ये स्क्रू मारायचे नाहीत हे नक्की, कारण भोकातून पाणी शिरलं की प्लाय आतून कुजतो आणि वरून रंग छानच दिसत राहतो, म्हणून लाकडी पट्ट्या इपॉक्सीने चिकटवून वर बंकचा प्लाय ठेवणार आहे.

खरी काळजी दमटपणाची आहे. रात्री श्वासातली वाफ थंड हलवर जमते आणि गादी खालून ओली होते, मग बुरशी. बंकला सलग ९ मिमी प्लाय लावून मोठी भोकं पाडू की फटी ठेवून नुसत्या पट्ट्याच लावू? आणि हलला आतून क्लोज्ड सेल फोम (पाणी न शोषणारा) थेट चिकटवलेला बरा की पट्ट्या मारून मागे हवा खेळती ठेवलेली? फोममागे गळती झाली तर दिसणार कशी हाही प्रश्न आहेच. शिवाय लॉकरच्या आत, प्लायच्या उघड्या कडांना इपॉक्सीचे किती हात देता? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, फोटो असतील तर फारच उत्तम.