मदत हवी आहे: त्याच्यासाठी धरलेली संकष्टी सोडू का?
नमस्कार. 2021 मध्ये माझ्या तेव्हाच्या बॉयफ्रेंडच्या एमपीएससीसाठी मी संकष्टी धरली. दर वेळी सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला दोघं जायचो. उपास सोडताना पहिला मोदक तो माझ्या हातावर ठेवायचा.

नातं तुटून दोन वर्षं झाली, त्याचं लग्नही ठरलंय. मी मात्र अजून त्याच्याच नावाने उपास करते. परवा गच्चीत चंद्राला अर्घ्य देताना तोंडून त्याचंच नाव आलं. तो परत यावा म्हणून नाही, खरंच नाही. त्याचं भलं व्हावं एवढंच.

पण घरी स्थळं बघतायत, आणि येणाऱ्या मुलाला फसवतेय असं वाटतं. त्या मुलाला हे आधीच सांगावं का? संकष्टी मध्येच सोडता येते, की उद्यापन करावं लागतं? ताई-दादांनो, तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत?