सगळे काही असणाऱ्यांसाठी नाताळची भेट : आपले अनुभव लिहा

डिसेंबर लागला की आमच्या घरात दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो : बाबांना काय द्यायचे? बाबा ७८ वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. नगरला स्वतःचे घर आहे, पेन्शन पुरेशी आहे, आणि आम्हा तिघा भावंडांनी गेल्या दहा वर्षांत दिलेले स्वेटर, दोन घड्याळे, रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि एक टॅब हे सगळे त्यांच्या कपाटात मूळ खोक्यांसह नीट रचून ठेवलेले आहे. दर वेळी ते भेट हातात घेऊन बघतात, "छान आहे रे, पण कशाला खर्च केलास?" म्हणतात आणि कपाटाचे दार लावतात.

गेल्या वर्षी मात्र मी दुकानात गेलो नाही. बाबांच्या उशाशी 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकाची एक जुनी प्रत असते. ती माझ्या आजीची. कणा निखळलेला, सुरुवातीची पाने सुटी झालेली, शिवण उसवलेली, आणि सगळे एका रबरबँडने आवळून ठेवलेले. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आपल्या मातीतल्या अभंग-ओव्यांच्या वळणाने रचलेली गीते त्यात आहेत, आणि त्यांच्याच बाजूच्या समासात आजीने पेन्सिलीने चाली लिहून ठेवल्या आहेत : "भूपाळीसारखी", "सावकाश", एके ठिकाणी नुसते "आईची चाल". मी ते पुस्तक नोव्हेंबरात आईच्या मदतीने गुपचूप उचलले आणि एका जुन्या बाइंडरकडे नेले. त्यांनी पुस्तक उघडताच पहिली गोष्ट सांगितली, ती मी विसरणार नाही : "कडा कापायच्या नाहीत. कापल्या तर हे लिहिलेलं जाईल." त्यांनी फाटक्या पानांना पातळ कागद खळीने चिकटवला, जुजे, म्हणजे पानांचे दुमडलेले गठ्ठे, नव्याने दोऱ्याने शिवली, तांबडे कापड चढवले. तीन आठवडे लागले आणि साडेसहाशे रुपये.

ते तीन आठवडे बाबा पुस्तक शोधत होते, आणि आई त्यांना काहीबाही सांगत होती, याचे मला वाईट वाटत होते. नाताळच्या आदल्या रात्री त्यांनी पुडके सोडले, पुस्तक ओळखले, आणि थेट "आईची चाल" लिहिलेले पान काढून गायला सुरुवात केली. ती चाल मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. खर्चाचे त्यांनी विचारलेच नाही.

तेव्हापासून मला असे वाटते की ज्यांना वस्तूंची उणीव नाही, त्यांच्याही घरात काहीतरी मोडलेले, थांबलेले किंवा अर्धवट राहिलेले असते, आणि ते आपण बारकाईने पाहिले तरच दिसते. म्हणून आपणा सर्वांना विनंती आहे की आपले अनुभव सविस्तर लिहावेत. काय दिले एवढेच नको, ते सुचले कसे हेही लिहा. फसलेले प्रयत्नही अवश्य लिहा.

*

वसईहून, नंदाखालजवळून लिहिते आहे. माझ्या सासूबाईंकडे सोने आहे, वाडी आहे, आणि त्यांची तिन्ही मुले त्यांना हवे ते पाठवतात. त्या अजून लाल लुगडे नेसतात आणि घरात आमची कादोडी, म्हणजे इकडची बोली, बोलतात. कॅनडातल्या नातवंडांना ती कळत नाही, त्यामुळे फोनवर "जेवलीस का?" यापुढे बोलणे जात नसे. नाताळाआधीच्या आगमन काळाचे चार रविवार असतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या नणंदेने असे ठरवले की त्या चारही रविवारी मुलांनी आजीला फोन करायचा आणि एकेका विषयाचे शब्द विचारायचे : पहिल्या रविवारी स्वयंपाकघर, दुसऱ्या रविवारी विहीर आणि वाडी, तिसऱ्या रविवारी लग्नकार्य, चौथ्या रविवारी नाती. तिकडे मुलगी वहीत लिहून घेत होती, इकडे सासूबाई शनिवारपासूनच आठवून ठेवत होत्या, आणि शेजारणीला अडवून "त्याला आपण काय म्हणत होतो गं?" असे विचारत होत्या. नाताळला त्या वहीची छापील प्रत आली. त्यांना वाचता फारसे येत नाही. चर्चमधल्या मिस्सेहून आल्यावर मी एकेक शब्द वाचत होते आणि त्या उच्चार सुधारत होत्या. वही सुंदर होती, पण माझ्या मते खरी भेट ते चार रविवारच होते.

*

आमचा अनुभव न्यू जर्सीतला आणि थोडक्यात सांगण्यासारखा आहे. मेहुण्यांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट तळघरात पडून होती आणि ती लावायला यंत्र उरले नव्हते. आम्ही ती डिजिटल करून घेतली. त्यात त्यांच्या दिवंगत वडिलांचे पंगतीत आग्रह करतानाचे पाऊण मिनिट होते. जुन्या फिती खराब होत जातात, तेव्हा ज्यांच्याकडे असतील त्यांनी हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.

*

फसलेला अनुभव लिहिण्यास सांगितले आहे, म्हणून लिहितो. पुण्यात माझे काका एकटे राहतात. घरी सगळे आहे, आणि "मला काही आणू नका" असे ते आधीच बजावतात. मी एका संस्थेला त्यांच्या नावाने देणगी दिली आणि नाताळच्या दिवशी पावती एका सुंदर कार्डात घालून त्यांना दिली. त्यांनी ती वाचली आणि शांतपणे म्हणाले, "चांगलं केलंस. पण माझ्या नावानं द्यायचं होतं, तर मला एकदा विचारायचं होतंस." मला ते फार लागले, कारण ते खरे होते. देणगी मी दिली होती, समाधान मी घेतले होते, आणि त्यांच्या वाट्याला फक्त कागद आला होता. पुढच्या वर्षी ऑक्टोबरातच त्यांना विचारले. ते ज्या शाळेत शिकले तिथल्या ग्रंथालयाला पुस्तके द्यायची त्यांची इच्छा होती. यादी त्यांनी केली, आम्ही दोघांनी अप्पा बळवंत चौकात दोन दुपारी फिरून पुस्तके घेतली, आणि शाळेत ती त्यांच्याच हातांनी दिली. देणगी वाईट नव्हे, परंतु ज्याच्या नावाने द्यायची त्याला त्यातून वगळू नये.

*

मी नेदरलँड्समध्ये राहते. येथे भेटींची जुनी संध्याकाळ ५ डिसेंबरची, सिंटरक्लास या संताची. भेटीसोबत एक कविता द्यायची असते, जणू त्या संतानेच लिहिलेली, आणि तिच्यात समोरच्या माणसाच्या वर्षभरातल्या खोड्या आणि गुण प्रेमाने मांडलेले असतात. आमच्या शेजारी एक निवृत्त अभियंते आहेत. मला सायकल चालवायला त्यांनी शिकवले. त्यांना काय द्यावे हे सुचेना, म्हणून भेट फक्त एक चॉकलेटचे अक्षर ठेवली आणि कविता मात्र पंधरा दिवस खपून डच भाषेत लिहिली : मी कालव्याच्या कडेला पडले तेव्हा ते काय म्हणाले, पावसात ते माझ्यासाठी कसे थांबले. दुसऱ्या दिवशी कविता परत आली. व्याकरणाच्या चुका पेन्सिलीने सुधारलेल्या होत्या, आणि खाली चार ओळींचे उत्तर होते. त्यांना पुन्हा कोणाला तरी शिकवायचे होते, हे मला तेव्हा उमगले.

*

आम्ही म्हापशाचे. गोव्यात नाताळला ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून गोडधोडाचे ताट येते, त्याला कोन्सुआदा म्हणतात. नेवऱ्या, कुलकुल, बातिका, दोदोल. आपण चतुर्थीला किंवा दिवाळीला फराळ पाठवतो, आणि ताट कधी रिकामे परत करत नाही. आमच्या शेजारच्या आंटींचा मुलगा आखातात आहे, घरात एसीपासून सगळे आहे. तीन वर्षांपूर्वी ताटातला दोदोल बेकरीचा होता. आंटींना कमीपणा वाटत होता, "हात चालत नाहीत आता" एवढेच त्या म्हणाल्या.

दोदोल म्हणजे चार नारळांचा रस, किलोभर माडाचा काळा गूळ आणि पाव किलो तांदळाचे पीठ. अवघड काही नाही, पण कढई चुलीवर चढली की हात थांबवता येत नाही. दोन-तीन तास ढवळत राहावे लागते. आधी ते पातळ असते, मग लापशीसारखे होते, मग कालथा जड होतो, आणि शेवटी कडेने तेल सुटून सगळा गोळा कढई सोडतो. पुढच्या नाताळला मी आणि माझा मुलगा २२ तारखेला सकाळी त्यांच्या दारात उभे राहिलो आणि म्हटले, "आंटी, तुम्ही खुर्चीत बसा, आम्ही ढवळतो." त्या बसल्या नाहीत. कालथा कसा तळापर्यंत न्यायचा, गूळ कधी घालायचा, हे सांगत तिथेच उभ्या राहिल्या. मुलगा दमला की मी, मी दमलो की तो. त्या वर्षी सात घरांत त्यांच्या हातचा दोदोल गेला, आणि प्रत्येक घरी त्यांनी सांगितले की ढवळला कोणी.

यंदाही निरोप आला आहे. या वेळी कढई मोठी आहे, सुनेलाही आणा, असे कळवले आहे.