मदत हवी आहे: बँकेच्या येण्यादेण्याची फेअर व्हॅल्यू कशी काढायची? (शुक्रवारपर्यंत!!)

काजूपट्टी
लोकहो, अर्जंट आहे. बँकेत अकाउंट्सला आहे. ऑडिटरनी सगळ्या ॲसेट-लायबिलिटीची फेअर व्हॅल्यू, म्हणजे आज बाजारात काय किंमत होईल ती, मागितलीय. सिस्टीममधून नुसती बुक व्हॅल्यू (हिशेबाच्या वहीतली किंमत) येते, सॉफ्टवेअरवाला फोन उचलत नाही, आणि मॅनेजर म्हणतात नेटवर बघ. रोखे, कर्जं, ठेवी सगळंच आहे. कुणाकडे तयार एक्सेल शीट असली तर टाका की. थिअरी नको.

टिळकवाडी_नाका
बँक म्हणजे कसली? सरकारी, सहकारी, की सौहार्द सोसायटी? आपल्याकडं गल्लीतल्या सोसायटीलाही बँकच म्हणतात. तिन्हींना नियम वेगळे.

काजूपट्टी
सहकारी, मल्टिस्टेट. बेळगाव, खानापूर आणि पलीकडं चंदगडला शाखा. तारीख ३१ मार्च, दुसरी कुठली असणार?

सीए_होतोय
सोपं आहे. इंड एएस ११३ (फेअर व्हॅल्यूचं भारतीय लेखा मानक) वाचा. तीन पातळ्या आहेत. बाजारात त्याच वस्तूचा चालू भाव मिळतो ती पहिली. तसल्याच दुसऱ्या वस्तूच्या भावावरून किंवा बाजारातल्या व्याजदरावरून काढता येते ती दुसरी. स्वतःचेच अंदाज धरावे लागतात ती तिसरी. रिझर्व्ह बँकेचे गुंतवणुकीचे नवे नियमसुद्धा १ एप्रिल २०२४ पासून याच धर्तीवर आहेत.

जुना_मॅनेजर
बाळा, ते २०२४ चे नियम व्यावसायिक बँकांचे. ह्यांची सहकारी. आणि बँकांना इंड एएस लावायचं रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच पुढं ढकललंय. पुस्तक बरोबर आहे, गिऱ्हाईक चुकलं.
काजूपट्टी, रोखे एचटीएममध्ये (मुदत संपेपर्यंत ठेवायचे) किती, एएफएसमध्ये (मध्येच विकता येणारे) किती?

काजूपट्टी
सरकारी रोखे आहेत, १२ कोटींचे. एचटीएम बघावं लागेल. शीट आहे का कुणाकडं?

सीए_होतोय
काका, नियम लागू नसला तरी पद्धत तीच राहते ना. किंमत काढायला दुसरा मार्ग सांगा बघू.

खडेबाजार
आमच्या दुकानाचं व्हॅल्युएशन मागच्या वर्षी करून घेतलं. रेडी रेकनर धरू नका, लई कमी येतो. बँकेची स्वतःची इमारत असेल तर सरकारमान्य व्हॅल्युअर गाठा, दोन दिवसांत रिपोर्ट देतो.

टिळकवाडी_नाका
दादा, इमारत फायनान्शियल ॲसेट नव्हे. विचारलंय काय, सांगताय काय.

मराठी_बाणा_बेळगाव
आधी मराठी शब्द वापरा. फेअर व्हॅल्यू म्हणजे रास्त मूल्य.

निपाणीकर
रास्त म्हटलं की मला रेशनची रांग दिसते. रास्त भाव दुकानात तांदूळ मिळतो, रोखे नाहीत. 😄

मराठी_बाणा_बेळगाव
हसा. २०१४ मध्ये बेळगावचं बेळगावीसुद्धा असंच हसत हसत झालं.

टिळकवाडी_नाका
झालं, निघाली गाडी चन्नम्मा सर्कलकडं, मोर्चाला. त्याला शुक्रवारी द्यायचंय हो!

निपाणीकर
मला एक शंका. सोन्याचा भाव एवढा चढलाय, मग बँकेच्या सोनेतारण कर्जाची किंमतही चढली की?

जुना_मॅनेजर
नाही. सोनं कर्जदाराचं. बँकेचं येणं मुद्दल आणि व्याज एवढंच. भाव चढला तर कर्ज बुडायची भीती कमी झाली, येणं वाढलं नाही.

एक_ठेवीदार
कुठली बँक ते सांगा. माझ्या बायकोची एफडी आहे चंदगडला. हे सगळं अचानक का चाललंय? बँक बुडतेय का??

काजूपट्टी
अहो काका, बुडत नाही. विलीनीकरण चाललंय. मोठ्या बँकेत जातोय आम्ही, त्यासाठीच मागितलंय.

जुना_मॅनेजर
हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतंस की! ऑडिटसाठी आणि विलीनीकरणासाठी काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक. पत्रात नेमकं काय लिहिलंय ते टाइप कर.
ठेवीदारसाहेब, विलीनीकरणात ठेव नव्या बँकेकडं जाते. आणि तसंही ५ लाखांपर्यंत विमा आहे.

काजूपट्टी
"३१ मार्चच्या ताळेबंदातील आर्थिक मालमत्ता व दायित्वांचे मूल्य, पुस्तकी किमतीशी तुलना व आधारासह."
एचटीएम ९ कोटी, एएफएस ३.

जुना_मॅनेजर
आता ऐक. नेहमीच्या हिशेबात एचटीएमचे रोखे खरेदी किमतीवरच राहतात, दर्शनी किमतीपेक्षा जास्त दिलेली रक्कम तेवढी उरलेल्या वर्षांत वाटून काढायची. एएफएस बाजारभावाला आणायचे, घट आली तर तरतूद. म्हणून तुझ्या ताळेबंदात ९ कोटींची घट-वाढ दिसतच नाही. घेणाऱ्या बँकेला नेमकी तीच बघायचीय. एफबीआयएल ही संस्था रोख्यांचे रोज भाव लावते, ३१ मार्चचा काढ आणि बाराही कोटींना लाव.
समजा ७ टक्क्यांचा रोखा, ५ वर्षं बाकी, व्याज सहामाही, आणि बाजारात तसल्याच रोख्यावर ८ टक्के मिळतायत. १०० चा रोखा ९५.९४ ला येतो. बुकात मात्र १०० च.

कर्जात बाजारदराबरोबर व्याज बदलणारी खाती, हप्ते नियमित असतील तर, जवळपास बुक व्हॅल्यूलाच धर. ठरावीक दराच्या कर्जाचे उरलेले हप्ते आज तसल्या कर्जाला जो दर लावता त्यानं मागं आणायचे, म्हणजे त्यांची आजची किंमत काढायची.
बचत आणि चालू खात्याला हात लावू नको. ग्राहक कधीही मागू शकतो, त्यामुळं मागणी रकमेपेक्षा कमी किंमत धरता येत नाही. मुदत ठेवीत मात्र गंमत आहे. जुन्या ९ टक्क्यांची १ लाखाची ठेव, २ वर्षं बाकी, व्याज वर्षाला चक्रवाढ, तर शेवटी १,१८,८१० द्यायचे. आजचा दर ७ असेल तर त्याची आजची किंमत १,०३,७७३. म्हणजे देणं बुकापेक्षा जड. हे लोक विसरतात, सगळे रोख्यांच्याच मागं.

सीए_होतोय
म्हणजे शेवटी पातळी एक, दोन, तीनच झालं ना?

जुना_मॅनेजर
झालं. पण त्याला पातळी नको होती, सुरुवात कुठून करायची ते पाहिजे होतं.

काजूपट्टी
लई आभार काका. एक राहिलं. थकीत खाती ४१ आहेत, निम्मी काजू कारखान्यांची. त्यांना कुठला दर लावू?

जुना_मॅनेजर
आधी दर नाही, आधी वसुली. प्रत्येक खात्यात किती पैसे येतील, कधी येतील, तारण विकायला किती वर्षं लागतील, ते फाइल उघडून लिही. दर त्यानंतर. मशिनरीची किंमत कर्ज देतानाची धरू नको, बंद पडलेल्या कारखान्यातलं यंत्र भंगाराच्या भावानं जातं. वसुली अधिकाऱ्याला शेजारी बसवून घे, त्याला तोंडपाठ असतं.

काजूपट्टी
वसुलीचे साहेब सोमवारपर्यंत रजेवर. सौंदत्तीला गेलेत देवीला.

टिळकवाडी_नाका
सौंदत्तीला रेंज येते. लाव फोन.